एकवीस हजारांची रेघ

मलकापूरच्या जुन्या वस्तीत पाच खोल्यांच्या घरात एकटी राहणारी म्हातारी सरकारच्या हिशेबात गरीब असू शकते. तिनं तेच घर विकलं, दोन खोल्यांत राहायला गेली आणि उरलेले पैसे ठेवीत टाकले, की त्याच हिशेबात ती गरीब उरत नाही. बाई तीच, वय तेच, दुखणारे गुडघेही तेच. तिच्याकडची एकूण मालमत्ताही वाढलेली नाही, उलट मुद्रांक शुल्कात आणि दलालीत थोडी कमीच झालेली आहे. तरी महिन्याला खात्यात येणारे दीड हजार रुपये तिच्या हक्काचे राहत नाहीत.

हे कसं होतं ते समजून घ्यायला एक छोटं गणित पुरेसं आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ च्या पुढे आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. बँकेत सात टक्क्यांनी तीन लाख रुपये ठेवले, तर वर्षाचं व्याज होतं बरोबर २१,०००. म्हणजे तीन लाखांची एफडी ही त्या रेघेवरची शेवटची पायरी. आणि मलकापुरात आज तीन लाखांत घर सोडा, धड प्लॉटही मिळत नाही.

म्हातारपणी मोठं घर विकून लहान घरात जाणं, याला इंग्रजी वर्तमानपत्रं 'डाउनसायझिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्दच नाही. 'घर मोडलं' म्हणतात, किंवा 'पोराकडे गेले' म्हणतात. शब्द नसला तरी गोष्ट घडतेच आहे, आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत हे वाचणाऱ्या अनेकांना गावाकडून तो फोन येणार आहे: "घर काढायचं म्हणतोय, तुझं काय मत?" मत देण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा, असं मला माझ्या आत्याच्या घराचा हिशेब मांडताना वाटलं. तो हिशेब पुढे येईलच.

घर हीच पेन्शन

मलकापूर घाटाखालचं. बुलढाणा जिल्ह्यात हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे: अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा तो घाटावरचा भाग, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन ती घाटाखालची. जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा वर आहे, तिथं रेल्वे नाही. रेल्वे खाली आहे, मलकापुरातून जाते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात भुसावळहून वऱ्हाड ओलांडत रेल्वे पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर जलंबहून खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळी शाखाच टाकली गेली.

या कापसाच्या पैशावर वऱ्हाडातल्या बाजारपेठांमध्ये घरं उभी राहिली. सागवानी खांबांचे वाडे सावकारांचे आणि व्यापाऱ्यांचे. बाकीच्यांची मातीची, धाब्याची. पुढे टिनाची, मग स्लॅबची. घर मोठं असे कारण त्यात माणसं पुष्कळ असत, आणि घरातच धान्याची कोठी, कापसाची खोली, गुरांचा गोठा असे. म्हातारपणासाठी वेगळी बचत असा प्रकारच नव्हता. म्हातारी माणसं ओसरीवर असत आणि घर त्यांच्या नावावर असे, एवढीच व्यवस्था. ज्याच्या नावावर घर त्याला ताटात वेळेवर भाकरी, असा साधा हिशेब होता. तो नेहमी पाळला जाई असं नाही, पण सगळ्यांना कळत असे.

पगारातून कापून म्हातारपणासाठी ठेवण्याची पद्धत सर्वसामान्य कामगारापर्यंत आली ती १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यानं. सुरुवातीला तो सिमेंट, सिगारेट, कापड, कागद, लोखंड-पोलाद आणि अभियांत्रिकी अशा सहाच उद्योगांना लागू होता. पुढे व्याप्ती वाढत गेली. पण वऱ्हाडातलं जिनिंग-प्रेसिंगचं काम हंगामी. दिवाळीनंतर कापूस येतो, उन्हाळ्यापर्यंत जिन चालते, मग घरी. असं वर्षानुवर्षं काम करूनही ज्यांचा फंड कधी कापलाच गेला नाही अशी माणसं इथल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्यासाठी घर हीच पेन्शन होती. ती दर महिन्याला पैसे देत नसे, पण भाडं वाचवत असे आणि लेकासुनांना धरून ठेवत असे.

विकण्याचा हक्क कुणाला

पेन्शन म्हटली की ती मोडून खाता आली पाहिजे. इथं एक गोष्ट आपण विसरतो. घर विकून त्या पैशावर जगण्याचा हक्क म्हाताऱ्या बाईला मिळून अजून ७० वर्षंच होताहेत.

जुन्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबातल्या विधवेला घरात हिस्सा नव्हता. तिला राहायला जागा आणि अन्नवस्त्र, फार तर चोळीबांगडीसाठी एखादा तुकडा. १९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांतून हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला, त्याला लोक 'देशमुख कायदा'च म्हणत. त्यानं विधवेला नवऱ्याचा हिस्सा दिला, पण मर्यादित. म्हणजे तिनं हयातीत वापरायचा. मोठी गरज सिद्ध केल्याशिवाय विकायचा नाही. तिच्या मागे तो नवऱ्याच्या वारसांकडे परत जाणार. घर तिचं, पण ते मोडून औषधपाणी करायचं तर आधी कोर्टाला पटेल अशी अडचण दाखवायची.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं ही मर्यादा काढून टाकली. बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. त्यानंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा दिला. म्हणून आज मलकापुरात एखादं जुनं घर विकायला काढलं की पहिला प्रश्न येतो तो बहिणींच्या सह्यांचा. मग कुणी हक्कसोड लिहून देते, कुणी "माझा वाटा द्या" म्हणते. दुसरा प्रश्न आखीव पत्रिकेचा. प्रॉपर्टी कार्डाला विदर्भात आखीव पत्रिका म्हणतात. त्यावर बहुतेकदा आजोबांचं नाव असतं, कधी त्यांच्याही वडिलांचं. वारसांची नोंद लावल्याशिवाय खरेदीखत होत नाही.

या अडचणीमुळेच एक चांगली कल्पना आपल्याकडे रुजली नाही. २००७ च्या अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा झाली, राष्ट्रीय आवास बँकेनं नियम केले, २००८ मध्ये योजना अधिसूचित झाली. कल्पना अशी: ६० वर्षांपुढच्या माणसानं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, राहायचं तिथंच, आणि बँकेनं त्यांना दर महिन्याला पैसे द्यायचे. ते कर्ज मालकाच्या हयातीत फेडायचं नसतं. त्यांच्या मागे वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं किंवा बँकेनं विकायचं. मिळणाऱ्या पैशावर आयकरही नाही. घर न मोडता घराची पेन्शन करण्याचा हा सरळ मार्ग होता. पण त्यासाठी कागद एकट्याच्या नावावर स्वच्छ हवेत, आणि 'आईनं घर बँकेला लिहून दिलं' हे वाक्य मुलांना ऐकवलं पाहिजे. छोट्या गावात या दोन्ही गोष्टी अवघड. मग उरतं ते विकणंच.

सरकारची तीन दारं

घर विकल्यानं सरकारी मदतीवर काय परिणाम होतो, याचं एकच उत्तर नाही. म्हाताऱ्या माणसाला मिळणारे पैसे आणि सवलती तीन वेगळ्या दारांतून येतात, आणि प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी आहे.

पहिलं दार नोकरीचं. पगारातून कापलेल्या पैशांची पेन्शन. १९८२ मध्ये नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. तुम्ही घर विका, दोन घरं घ्या, पेन्शनला धक्का नाही. खासगी आणि सहकारी क्षेत्रातल्या कामगारांची ईपीएस-९५, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, याच दारातली. अडचण इतकीच की ती फार लहान आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, असं तिचं सूत्र. पगाराची कमाल मर्यादा २००१ पासून २०१४ पर्यंत ६,५०० होती, मग १५,००० झाली. ६,५०० च्या हिशेबानं २० वर्षांची नोकरी धरली तर पेन्शन येते महिना १,८५७ रुपये. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली.

या रकमेविरुद्धचा लढा आपल्याच जिल्ह्यातून देशभर गेला. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीनं २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर साखळी उपोषण सुरू केलं. मागणी किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि औषधोपचार. देशात ईपीएस-९५ चे ७५ लाखांहून अधिक पेन्शनर आहेत. हजार-दोन हजारांत महिना काढणाऱ्या माणसाला राहतं घर विकायचा विचार का करावा लागतो, हे त्या मांडवाकडे पाहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं दार वयाचं. इथं पहारेकरी फक्त आधार कार्डावरची जन्मतारीख बघतो. एसटीत ७५ च्या पुढे मोफत प्रवास, २०२२ पासून. ६५ ते ७५ अर्धं तिकीट. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं रुग्णालय संरक्षण, उत्पन्न कितीही असो. घर विकल्यानं यातलं काहीच जात नाही.

तिसरं दार गरिबीचं. इथं पहारेकरी तलाठ्याच्या अहवालावरून मिळणारा उत्पन्नाचा दाखला बघतो. हे दार महाराष्ट्रात उघडलं १९८० मध्ये, अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजनेनं. केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ची. तेव्हा ती महिना ७५ रुपये होती. आज तीच इंदिरा गांधी यांच्या नावानं आहे, आणि ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्र त्यात २०० रुपये घालतं. राज्याची श्रावणबाळ योजना २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपयांवर गेली. मदतीची रक्कम अशी हळूहळू वाढली, पण २१,००० ची रेघ गेलं दशकभर तरी तिथंच आहे. महिन्याला भागलं तर १,७५० रुपये.

हे दार घर बघत नाही, उत्पन्न बघतं. राहतं घर वर्षाला काही कमावत नाही, म्हणून ते हिशेबात शून्य. त्याचे पैसे झाले की ते व्याज कमावतात, आणि व्याज म्हणजे उत्पन्न. भिंतीत होते तोवर पैसे दिसत नव्हते. पासबुकात आले आणि दिसले.

आत्याचा हिशेब

माझी आत्या सत्तरी ओलांडलेली. नवरा जिनिंगमध्ये हंगामी कामाला होता, तो गेला. फंड नाही, पेन्शन नाही. मुलगी लग्न होऊन खानदेशात, मुलगा पुण्याला. घर पाच खोल्यांचं, त्यातल्या दोन कायम बंद, एक पावसाळ्यात गळते. तिला श्रावणबाळचे दीड हजार येतात आणि रेशनचं धान्य मिळतं. मुलगा जमेल तसं पाठवतो. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं घराला १८ लाख सांगितले आणि तिनं मला फोन केला.

"घर काय खाता येते का बाप्पा? पण इकलं तं मंग मले कोन इचारन?"

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्यासाठी मी कागद घेतला. त्याच भागात दोन खोल्यांचं घर दहा लाखांत मिळत होतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, सामान हलवणं आणि थोडी डागडुजी मिळून एक लाख धरला. उरले सात लाख. ते पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे. ही योजना २००४ ची, एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि तेव्हापासून व्याज ८.२ टक्के आहे. सात लाखांवर वर्षाला ५७,४०० रुपये, म्हणजे महिना ४,७८३.

कागदावर हे छान दिसतं. शून्यातून पावणेपाच हजार. पण २१,००० ची रेघ ओलांडली, तेव्हा श्रावणबाळ बंद. वर्षाचे १८,००० गेले. खरी भर पडली ३९,४०० ची, महिना ३,२८३. सात लाखांवर ८.२ टक्के मिळतात असं वाटत होतं, प्रत्यक्षात हातात पडतात ५.६ टक्के. बाकीचा भाग सरकार परत घेतं, कुठल्याही कराचं नाव न घेता.

रेशनची रेघ वेगळी. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. आत्याचे ५७,४०० शहरी मर्यादेच्या जेमतेम आत बसतात. हेच घर एखाद्या खेड्यात असतं तर धान्यही गेलं असतं. उलट गिऱ्हाइकानं लाखभर जास्त दिले असते, तर व्याज ६५,६०० झालं असतं आणि मलकापुरात राहूनही ती रेघेच्या बाहेर पडली असती. घराला चांगला भाव आला म्हणून रेशन जावं, हे तिला समजावून सांगणं मला जमलं नाही.

"मंग महिन्याचे दीड हजार बंद होतीन का?" एवढंच तिनं विचारलं. हो म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ते पैसे माझ्या नावानं येतात.

त्या एका वाक्यात मला हिशेबातली एक चूकभूल दिसली, आकड्यांची नसलेली. दीड हजार हे पैसे कमी होत नाहीत, संपत नाहीत, कुणी उसने मागत नाही. सात लाख मात्र सगळ्यांना दिसतात. नातवाची फी, जावयाचा धंदा, भाच्याचं लग्न, आणि स्वतःचं एखादं ऑपरेशन. शिवाय व्याजाचा आकडा ठरलेला. पाच वर्षांनी त्या ४,७८३ मध्ये आजइतका किराणा येणार नाही. सगळं व्याज खाल्लं तर मुद्दल आकड्यानं तेवढंच राहतं, किमतीनं झिजतं. घराची किंमत निदान गावाबरोबर वाढत तरी होती.

तरीही घर विकणं चूक आहे असं मी तिला म्हटलं नाही. गळक्या खोल्या, रिकामं घर, रात्री उंबऱ्यावर पाय अडकून पडण्याची भीती, यांची किंमत कुठल्या दाखल्यात येत नाही. महिना तीन हजार ही तिच्यासाठी मोठी रक्कम आहे. मला फक्त तिच्यासमोर ८.२ ऐवजी ५.६ हा खरा आकडा ठेवायचा होता.

अकोला १९६०, मलकापूर २०२१

आता समजा पैसे हातात आले. ठेवायचे कुठे? वऱ्हाडात हा प्रश्न जुना आहे.

१९६० मध्ये दोन बँका बुडाल्या. एक केरळातली पलाई सेंट्रल बँक, दुसरी अकोल्याची लक्ष्मी बँक. त्या धक्क्यानंतर १९६१ मध्ये ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून भारतात बँक ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांपर्यंत. आज आपल्या प्रत्येकाच्या बचत खात्यामागे जो विमा आहे, त्याच्या जन्मामागे अकोल्याच्या ठेवीदारांचं नुकसान आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. संरक्षणाची रक्कम वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि मग तब्बल २७ वर्षं तिथंच थांबली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे.

त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांत पाळी मलकापूरची आली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनं मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदारांना १०,००० रुपयांपर्यंतच काढता येणार होते. ५ जुलै २०२३ रोजी बँकेचा परवाना रद्द झाला. यात एक गोष्ट ठेवीदारांच्या बाजूची होती. १ सप्टेंबर २०२१ पासून नवी तरतूद लागू झालेली होती: बँकेवर असे निर्बंध आले की विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे, बँक अवसायनात जायची वाट बघायची नाही. त्यामुळे पाच लाखांपर्यंतच्या ठेवी असलेल्यांना विमा महामंडळाकडून पैसे मिळण्याचा रस्ता खुला होता.

पण घर विकून आलेला पैसा आणि पाच लाखांची मर्यादा यांचं जमत नाही. महिन्याला हजार-दोन हजार साठवणाऱ्या माणसाची ठेव सहसा पाच लाखांच्या आत असते. घर विकणाऱ्याकडे एकदम दहा-पंधरा लाख येतात, आणि म्हातारं माणूस ते एकाच ओळखीच्या बँकेत ठेवतं, कारण तिथला शिपाईसुद्धा नावानं ओळखतो आणि अर्धा टक्का जास्त मिळतो. मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत एका माणसाचे पाच लाख, एवढंच संरक्षण. त्याच बँकेच्या चार शाखांत वाटून ठेवले तरी ते एकच धरलं जातं. वरचा पैसा बँकेच्या वसुलीवर अवलंबून, आणि वसुलीला लागणारी वर्षं सत्तरीतल्या माणसाकडे नसतात. पोस्टातल्या योजनांमागे थेट केंद्र सरकार आहे, तिथं ही मर्यादा लागू नाही. घर विकणाऱ्यानं पहिली चौकशी व्याजदराची करण्याआधी हीच करावी.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला

घाटाखालच्या गावांत घर विकण्याची दुसरी तऱ्हा जास्त दिसते. विकून लहान घर घ्यायचंच नाही. पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये घालायचे आणि त्याच्याकडे जायचं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं सकाळी पुण्यात उतरायचं ते कायमचं. पाच खोल्यांच्या घरातून हॉलमधल्या दिवाणावर. सगळ्यात मोठं डाउनसायझिंग हेच.

यात बचतीचं काय होतं? कर्जाचा बोजा हलका होतो, मुलाचा हप्ता कमी होतो, सगळे खूश असतात. पण आईच्या नावावर काही राहत नाही. आयकराच्या दृष्टीनंही हे महागात पडू शकतं. घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर कर आहे, आणि तो वाचवायचा तर आयकर कायदा सांगतो की दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्या किंवा तीन वर्षांत बांधा. ते नवं घर विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असेल, निदान त्यात तिचं नाव असेल, तर वाद उरत नाही. फक्त मुलाच्या आणि सुनेच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये पैसे घातले, तर सूट मागताना अडचण येते.

आणि पुढे पटलं नाही तर? २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे खावटी मागता येते, महिना दहा हजारांपर्यंत. याच कायद्याचं कलम २३ म्हणतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर परत घेता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित खटल्यात या कलमाचा आईच्या बाजूनं उदार अर्थ लावला. पण तिथं आईनं दिलेल्या मालमत्तेचं बक्षीसपत्र होतं, आणि सांभाळण्याचं वचन कागदावर होतं. मलकापूरचं घर विकून आलेले पैसे मुलाच्या खात्यातून बिल्डरकडे गेले, की कलम २३ खाली नेमकं काय परत मागायचं? घर देताना निदान कागद होतो. पैसे देताना आईला कागद मागायची लाज वाटते.

म्हणून फ्लॅटच्या करारात आईचं नाव घालून घेणं हा अविश्वास नव्हे. १९५६ मध्ये तिला जो हक्क मिळाला तो पुण्याच्या फ्लॅटपर्यंत पोचवणं आहे ते.

घर बदलायला दोन वर्षं

आयकराच्या त्या तरतुदीकडे पुन्हा बघा. त्यात एक समजूतदारपणा आहे. माणूस घर विकतो ते दुसरं घर घ्यायला, मधले काही महिने पैसे हातात पडून असतात, त्या पैशाला कमाई समजू नये, हे कायद्याला कळतं. म्हणून दोन वर्षांची मुदत. तोवर पैसे कॅपिटल गेन खात्यात ठेवायची सोयसुद्धा आहे.

श्रावणबाळच्या निकषांत अशी मुदत नाही. ज्याला आयकर भरावा लागतो त्याच्यासाठी 'घर बदलणं' ही वेगळी घटना आहे. ज्याला दीड हजारांची मदत लागते त्याच्यासाठी ते नुसतं उत्पन्न.

दुसरीकडे हा प्रश्न लोकांनी आधीच सोडवायचा प्रयत्न केलेला आहे. ऑस्ट्रेलियात सरकारी वृद्धापकाळ पेन्शन मालमत्ता बघून मिळते, पण राहतं घर त्यात धरत नाहीत. म्हातारी माणसं घर विकायला घाबरतात कारण विकलं की पेन्शन कमी होते, हे तिथंही लक्षात आलं. म्हणून जानेवारी २०२३ पासून, दुसरं घर घेण्यासाठी बाजूला ठेवलेली विक्रीची रक्कम २४ महिन्यांपर्यंत मालमत्तेत धरत नाहीत. ब्रिटनमध्येही पेन्शन क्रेडिटसाठी अशीच मुदत आहे, पण कमी महिन्यांची. हे देश श्रीमंत आहेत हे खरं. पण तलाठ्याच्या अहवालात 'राहतं घर विकून आलेली रक्कम' असा एक रकाना वाढवायला श्रीमंती लागत नाही. एकमेव राहतं घर विकून आलेल्या ठराविक रकमेचं व्याज २१,००० मध्ये धरू नये, एवढी एक ओळ शासन निर्णयात आली, तर असंख्य गळक्या, रिकाम्या घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांना निवड करता येईल.

ती ओळ येईपर्यंत गावाकडून फोन आला, तर चार गोष्टी विचारा. महिन्याला येणारे पैसे कुठल्या दारातून येतात: नोकरीच्या, वयाच्या की गरिबीच्या? व्याजातून बंद होणारी मदत वजा केली तर खरे किती उरतात? पैसे पाच-पाच लाखांत वेगवेगळ्या बँकांत किंवा पोस्टात आहेत ना? आणि नव्या घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे? भाव किती आला हे सगळे विचारतातच. ते तुम्ही शेवटी विचारलं तरी चालेल.